उजवा नर, डावी मादी: एका झेब्रा फिंचच्या मेंदूचा प्रकरण अभ्यास

झेब्रा फिंचमध्ये गातो तो फक्त नर. मादी हाका देते, जोडीदाराशी आणि पिल्लांशी आवाजात संपर्क ठेवते, पण बापाकडून शिकून घोटलेलं, एका सेकंदाच्या आत-बाहेर संपणारं आणि आयुष्यभर जवळजवळ तसंच राहणारं गाणं तिच्याकडून येत नाही. म्हणूनच 2003 साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या आर्थर अरनॉल्ड यांच्या गटाने ज्या एका पक्ष्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्याच्याकडे मेंदू, संप्रेरकं आणि प्रणय यांवर काम करणाऱ्या सगळ्यांचं लक्ष गेलं. या शोधनिबंधाचे पहिले लेखक रॉबर्ट अगाते होते.

पक्षी असा होता: उजव्या बाजूला नराची पिसं, म्हणजे गालावर नारिंगी ठिपका, गळ्याखाली बारीक काळे-पांढरे पट्टे, कुशीला तांबूस पट्टी आणि तिच्यावर पांढरे ठिपके. डाव्या बाजूला मादीचा साधा राखाडी रंग. दोन्हींची सीमा अंगाच्या मधोमध. हा पक्षी नरासारखा गात होता आणि मादीपुढे प्रणयाराधनही करत होता. प्रश्न होता तो त्याच्या मेंदूचा. एकाच रक्तावर पोसलेल्या या मेंदूचे उजवा आणि डावा भाग सारखे निघतील, की पिसांसारखे वेगळे?

प्रश्न इतका मोलाचा का होता

1976 साली फर्नांडो नॉटेबोम आणि अरनॉल्ड यांनी कॅनरी आणि झेब्रा फिंच यांच्या मेंदूत गाण्याशी जोडलेली केंद्रं मोजून दाखवली. एचव्हीसी आणि आरए ही दोन केंद्रं झेब्रा फिंचच्या नरात मादीपेक्षा कित्येक पटींनी मोठी असतात. एरिया एक्स नावाचं तिसरं केंद्र, जे गाणं शिकताना लागतं, ते मादीत नेहमीच्या रंगवलेल्या कापांवर दिसतच नाही. कशेरुक प्राण्याच्या मेंदूत नर-मादीचा इतका ठळक फरक त्याआधी कुणी दाखवला नव्हता.

मग कारणाचा शोध सुरू झाला. त्या काळी सस्तन प्राण्यांवरून एक नियम ठरल्यासारखा होता: जन्माच्या आसपास अंडकोशातून टेस्टोस्टेरॉन सुटतं, त्याने मेंदू नराचा होतो, ते नसेल तर मादीचा. झेब्रा फिंचवर पहिले प्रयोग या नियमाला धरूनच वाटले. 1980 साली मार्क गर्नी आणि मासाकाझू कोनिशी यांनी अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या मादी पिल्लांना एस्ट्राडायॉल हे संप्रेरक दिलं. त्यांची गाण्याची केंद्रं नराच्या दिशेने वाढली, आणि मोठेपणी टेस्टोस्टेरॉन मिळालं की अशा माद्या गायल्याही. (एस्ट्राडायॉल 'मादीचं' म्हणून ओळखलं जातं, पण मेंदूत अरोमाटेज हे विकर टेस्टोस्टेरॉनचंच एस्ट्राडायॉल करतं. त्यामुळे नराच्या मेंदूत ते असणं अजिबात वावगं नाही.)

इथे वेळ निर्णायक आहे. प्रौढ झेब्रा फिंच मादीला कितीही टेस्टोस्टेरॉन दिलं तरी ती गात नाही, कारण गाण्याची तारच तिच्या मेंदूत जोडलेली नसते. पिल्लूवयात साधारण महिन्याच्या सुमारास नरात एचव्हीसीच्या पेशींचे तंतू आरएमध्ये शिरतात. मादीत ते आरएच्या कडेपर्यंत येऊन थांबतात आणि आरएमधल्या पुष्कळ पेशी मरून जातात. त्यानंतर संप्रेरक आलं तरी त्याला काम करायला जागा उरलेली नसते. कॅनरीचं तसं नाही. प्रौढ कॅनरी मादीला टेस्टोस्टेरॉन दिलं तर ती काही आठवड्यांत गाऊ लागते आणि तिची केंद्रंही वाढतात. कॅनरीचा अनुभव गाठीशी असलेले पाळणारे झेब्रा फिंचकडून तेच अपेक्षित धरतात आणि फसतात. औषधाचा डोस वाढवून हा फरक भरून निघत नाही.

पण पुढचे प्रयोग मात्र नियमाशी भांडू लागले. नर पिल्लांचे अंडकोश काढले तरी गाण्याची केंद्रं नरासारखीच वाढली. अरोमाटेज बंद पाडणारं फॅड्रोझोल दिलं तरी नरांची केंद्रं लहान झाली नाहीत. सगळ्यात बोलका प्रयोग ज्युली वेड आणि अरनॉल्ड यांचा, 1996 सालचा. अंड्यातच फॅड्रोझोल मिळाल्यामुळे जनुकांनी मादी असलेल्या पिल्लांत अंडकोशाची ऊती तयार झाली. तरीही त्यांच्या मेंदूतली गाण्याची केंद्रं मादीचीच राहिली. म्हणजे बाहेरून दिलेलं एस्ट्राडायॉल मेंदू बदलू शकतं, पण नरात ते काम एरवी अंडकोशच करतात हे काही सिद्ध होईना.

दुसरा उमेदवार होता तो पेशीतली गुणसूत्रं. पक्ष्यांत नर झेड-झेड असतो आणि मादी झेड-डब्ल्यू, म्हणजे आपल्या उलट. शिवाय सस्तन प्राण्यांत एक्स गुणसूत्राचा डोस दोन्ही लिंगांत जवळपास सारखा केला जातो, तशी काटेकोर भरपाई पक्ष्यांत होत नाही. झेडवरची बरीचशी जनुकं नरात जास्त चालतात. उदाहरणार्थ, पेशी जगवणाऱ्या वाढघटकांचा ग्राहक असलेलं ट्रक-बी हे जनुक झेब्रा फिंचमध्ये झेडवर आहे, आणि अंड्यातून बाहेर आल्यानंतरच्या दिवसांत त्याचं प्रमाण नर-मादीच्या मेंदूत वेगळं असतं.

अडचण अशी की साध्या पक्ष्यात ही दोन कारणं सुटी करता येत नाहीत. झेड-झेड पेशी असतात तिथे अंडकोश असतात, झेड-डब्ल्यू असतात तिथे अंडाशय. दोन्ही कारणं नेहमी एकत्रच चालतात. ज्या मेंदूचा एक अर्धा नराच्या पेशींचा, दुसरा मादीच्या पेशींचा आणि रक्त मात्र एकच, असा मेंदू मिळाला तरच त्यांची फाळणी होऊ शकते. तो याच पक्ष्यात मिळाला.

असा पक्षी तयार होतो कसा

कोंबड्यांवरच्या नंतरच्या कामातून सर्वांत पटणारं स्पष्टीकरण असं: अंडपेशी तयार होताना गुणसूत्रांचा निम्मा वाटा एका छोट्या ध्रुवपिंडात बाहेर टाकला जातो. तो टाकायचा राहिला तर एकाच अंड्यात दोन केंद्रकं उरतात, एक झेडचं आणि एक डब्ल्यूचं. पक्ष्यांच्या अंड्यात एकाहून जास्त शुक्रपेशी शिरणं नेहमीचंच, त्यामुळे दोन्ही केंद्रकांचं फलन होऊ शकतं. पुढे एका वंशाच्या पेशी शरीराच्या एका बाजूला आणि दुसऱ्या वंशाच्या दुसऱ्या बाजूला गेल्या की मधोमध रेषा असलेला पक्षी जन्मतो. प्रत्येक वेळी विभागणी इतकी स्वच्छ होत नाही, पुष्कळदा पेशी मिसळलेल्या असतात.

तपासणी आणि तिच्यातले खाचखळगे

अशा प्रकरणात पहिली पायरी म्हणजे मेंदूचा कुठला भाग कुठल्या गुणसूत्रांचा आहे हे मेंदूतच दाखवणं. पिसांवरून मेंदूचा अंदाज बांधणं पुरेसं नाही, कारण त्वचा आणि मेंदू वेगवेगळ्या पेशीसमूहांपासून बनतात. अगाते आणि सहकाऱ्यांनी कापांवर डब्ल्यू गुणसूत्रावरच्या जनुकाचा आरएनए शोधला. डाव्या बाजूला त्याची भरपूर खूण मिळाली, उजव्या बाजूला जवळजवळ नाही. म्हणजे पिसांतली विभागणी मेंदूतही उतरली होती.

दुसरी पायरी म्हणजे केंद्रांचं आकारमान. पद्धत सोपी वाटते: गोठवलेल्या मेंदूचे साधारण 20 ते 40 मायक्रॉन जाडीचे आडवे काप करायचे, पेशी रंगवायच्या, प्रत्येक कापावर केंद्राची सीमा आखायची, क्षेत्रफळाला कापांमधल्या अंतराने गुणायचं आणि बेरीज करायची. चुका होतात त्या पुढच्या ठिकाणी.

मेंदू कापताना ठोकळा जरासा तिरका बसला की एका बाजूचं केंद्र दुसरीच्या आधी सुरू होतं. बेरीज शेवटपर्यंत नीट केली तर आकारमान तरी सुधारतं, पण एकाच कापावर डावं-उजवं शेजारी ठेवून काढलेलं छायाचित्र फसवं निघतं. म्हणून एखाद्या नजरेत भरणाऱ्या कापावर विसंबण्यात अर्थ नाही, केंद्राची पूर्ण लांबी मोजलेली हवी. मादीसारख्या मेंदूत एचव्हीसीची कड पुसट असते. मोजणाऱ्याला बाजू माहीत असेल तर हात नकळत रेषा आत किंवा बाहेर ओढतो, त्यामुळे मोजणी बाजू झाकूनच व्हायला हवी.

आणखी एक खाचखळगा या जातीचा खास आहे. सामान्य झेब्रा फिंच नराचं गाणंसुद्धा उजव्या-डाव्या बाजूला समान वाटलेलं नसतं. आवाजाचं इंद्रिय, सिरिंक्स, श्वासनलिकेच्या दुभाजकाजवळ असतं आणि त्याच्या दोन बाजूंना आपापल्या बाजूच्या मज्जातंतूकडून हुकूम मिळतात. या जातीत उजवी बाजू वरचढ असते, उजवा मज्जातंतू कापला तर गाणं जास्त बिघडतं. त्यामुळे एखाद्या पक्ष्यात उजवं केंद्र मोठं निघालं, एवढ्यावर निष्कर्ष काढता येत नाही. सामान्य नर आणि सामान्य मादी यांच्यातला डाव्या-उजव्याचा फरक शेजारी मांडावा लागतो आणि या पक्ष्यातला फरक त्यापलीकडे जातो का, हे पाहावं लागतं.

तो गेला. उजव्या, जनुकांनी नर असलेल्या अर्ध्यातलं गाण्याचं जाळं डाव्यापेक्षा स्पष्टपणे नराकडे झुकलेलं होतं, आणि एचव्हीसीत हे सर्वांत ठसठशीत दिसत होतं. दोन्ही अर्ध्यांना एकच रक्त मिळत होतं. म्हणून हा फरक त्या रक्तातल्या संप्रेरकांचा असूच शकत नाही, तो पेशींच्या आपल्या गुणसूत्रांतूनच यायला हवा.

निकालाचा दुसरा अर्धा

या प्रकरणाचा उल्लेख होतो तो बहुतेक वेळा इथेच थांबून: जनुकं जिंकली, संप्रेरकं हरली. ही अर्धवट मांडणी आहे, आणि तिने या अभ्यासाचं खरं मोल झाकलं जातं. कारण डावा, झेड-डब्ल्यू पेशींचा अर्धासुद्धा सामान्य मादीच्या मेंदूसारखा नव्हता. तो तिच्यापेक्षा जास्त नरासारखा होता. डावीकडे नराची गुणसूत्रं नाहीत, मग तिथे हा नराचा झुकाव कुठून आला? जे काही होतं ते एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे पोचू शकणारं, पसरणारं असायला हवं. अंडकोशातून रक्तावाटे आलेलं संप्रेरक किंवा मेंदूच्या उजव्या अर्ध्यानेच तयार करून शेजारी पसरवलेलं काहीतरी. शोधनिबंधाच्या लेखकांनीही ही बाजू मांडली होती.

उजव्या अर्ध्याने स्वतःच एस्ट्राडायॉल बनवलं असेल, या शक्यतेला 2001 सालचा एक प्रयोग बळ देतो. इलिनॉयमध्ये डेव्हिड क्लेटन यांच्या प्रयोगशाळेत झेब्रा फिंच पिल्लांच्या मेंदूचे काप बशीत जिवंत ठेवले होते. तिथे ना अंडकोश, ना रक्त. तरी नर पिल्लाच्या कापात एचव्हीसीचे तंतू आरएकडे वाढले, आणि एस्ट्रोजेनचं (एस्ट्राडायॉल याच गटातलं) काम रोखलं की ही वाढ खुंटली. मादीच्या कापात एस्ट्राडायॉल घातलं की तंतू वाढले. म्हणजे नराचा मेंदू लागणारं एस्ट्राडायॉल बाहेरून न मागता स्वतः तयार करू शकतो. मग जिवंत पिल्लाला फॅड्रोझोल दिल्यावर नराचा मेंदू का बदलत नाही, हा पेच या क्षेत्रात अजून पूर्ण सुटलेला नाही. औषध मेंदूच्या त्या कोपऱ्यात, त्या दिवसांत, पुरेशा प्रमाणात पोचतं का, इथेच बहुधा गोम आहे.

दोन्ही अर्धे एकत्र ठेवले की चित्र असं होतं: गुणसूत्रं पेशीला एका दिशेने झुकवतात, आणि त्या पेशींतून निघणारा पदार्थ शेजारच्या पेशींनाही थोडं ओढून नेतो. एकाच कारणावर बोट ठेवणारा निष्कर्ष या पक्ष्याने कधीच दिला नव्हता.

तो नरासारखा गायला कसा

अर्धाच मेंदू नराचा, तरी गाणं नराचं. यात फार नवल नाही. पक्ष्यांच्या मेंदूत दोन अर्ध्यांना जोडणारा आपल्यासारखा मोठा पूल नसतो. प्रत्येक अर्धा आपल्या बाजूच्या सिरिंक्सला चालवतो, आणि दोघांचा ताळमेळ खालच्या भागांतून बसतो. या जातीत वरचढ असलेली उजवी बाजूच इथे नराची होती, आणि डावीही पूर्ण मादीची नव्हती. उलट, डावीकडे नर आणि उजवीकडे मादी असा झेब्रा फिंच मिळाला तर त्याचं गाणं कसं असेल, हे बघण्यासारखं ठरेल.

गाण्यामागची ओढ मात्र वेगळ्या जागी असते. 2013 साली खच्ची केलेल्या (अंडकोश काढलेल्या) कॅनरी नरांवर ग्रेगरी बॉल आणि झाक बाल्थाझार यांच्या गटाने टेस्टोस्टेरॉनची बारीक नळी फक्त मेंदूच्या तळाशी असलेल्या मध्य-प्रीऑप्टिक केंद्रात बसवली. पक्षी खूप गाऊ लागले, पण गाण्याचा दर्जा सुधारला नाही. दर्जासाठी टेस्टोस्टेरॉन सगळ्या शरीरात, म्हणजे गाण्याच्या केंद्रांपर्यंत आणि स्नायूंपर्यंत, पोचावं लागलं. म्हणून अशा पक्ष्याबद्दल 'प्रणय केला' असं एकच वाक्य नोंदवणं अपुरं आहे. किती वेळा गायला आणि किती नेमकं गायला, या दोन नोंदी वेगळ्या ठेवायच्या.

ऐकणाऱ्या मादीच्या मेंदूचाही इथे विचार हवा. ती गात नाही म्हणजे तिच्या डोक्यात गाण्याचं काम नाही, असं नव्हे. कोण गातोय, बापाचं गाणं कसं होतं, कुणाचं गाणं जास्त सफाईचं, हे ती ओळखते आणि निवडते. श्रवण-मेंदूचा सीएमएम हा भाग इजा केल्यावर माद्यांची गाण्यांमधली निवड बिघडते. त्याच्या शेजारच्या एनसीएममध्ये एस्ट्राडायॉल केवळ बालपणीचं बांधकाम करत नाही. नरात मोजलं गेलं आहे की मादीशी भेट झाली किंवा गाणं कानावर पडलं की तिथलं एस्ट्राडायॉल अर्ध्या तासाच्या आत वाढतं. तेच रसायन पिल्लूवयात तारा जोडतं आणि प्रौढपणी ऐकण्याची धार बदलतं. त्यामुळे आजवरच्या अशा पक्ष्यांमध्ये केवळ गाण्याच्या केंद्रांवर लक्ष दिलं जाणं ही मला मोठी उणीव वाटते. श्रवणाचा भागही डावा-उजवा वेगळा निघतो का, हे तपासायलाच हवं होतं.

इतर प्रकरणं

2010 साली एडिनबराजवळच्या रॉझलिन संस्थेतल्या मायकेल क्लिंटन यांच्या गटाने अशा तीन कोंबड्यांचा अभ्यास मांडला. एका बाजूला कोंबड्याची पिसं, चोचीखाली लोंबणारी मोठी लाल कातडी, पायाला टोकदार आर, दुसऱ्या बाजूला कोंबडीचं अंग. दोन्ही बाजूंना झेड-झेड आणि झेड-डब्ल्यू पेशी मिसळलेल्या होत्या, पण ज्या बाजूला ज्यांचं प्रमाण जास्त ती बाजू तशी. शरीराची वाढसुद्धा पेशींच्या आपल्या लिंगावर चालते, हे त्यातून पक्कं झालं.

अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये 2008 ते 2010 या काळात एक अर्धा लाल, अर्धा भुरा कार्डिनल पक्षी चाळीसहून अधिक दिवस पाहिला गेला. तो जोडी लावताना किंवा गाताना कधी दिसला नाही. नोंद मोलाची आहे, पण त्या पक्ष्याचा डीएनए किंवा मेंदू तपासलेला नाही, म्हणून झेब्रा फिंचच्या प्रकरणाविरुद्ध ती पुरावा म्हणून ठेवता येत नाही.

असा पक्षी हाती आला तर

झेब्रा फिंच मूळची ऑस्ट्रेलियाची, पण महाराष्ट्रातही घरोघरी आणि पाळणाऱ्यांकडे ती भरपूर आहे. असा पक्षी इथेही जन्मू शकतो. (आपली लाल मुनिया याच कुळातली. ती मात्र वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, ती पाळायची नाही.)

आधी रंगभेदाची शंका फेडायची. पांढरे डाग असलेल्या पाळीव वाणांत एका गालाचा ठिपका गायब दिसू शकतो. खऱ्या प्रकरणात एका बाजूची सगळी नराची चिन्हं, गाल, गळा, कूस, एकत्र जातात. चोचीवरून बाजू ठरवू नका. चोचीचा लालपणा रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनवर चालतो, त्यामुळे तो दोन्ही बाजूंना सारखाच असण्याची अपेक्षा धरावी.

डीएनएसाठी रक्त घेणं हीच सर्वांत मोठी चूक. पक्ष्यांच्या लाल पेशींत केंद्रक असतं, रक्त सगळ्या अंगात फिरतं आणि दोन्ही वंशांच्या पेशी त्यात मिसळलेल्या असू शकतात. नेहमीच्या सीएचडी-1 चाचणीत नराला एक पट्टी येते, मादीला दोन. रक्ताचा नमुना दिला तर बहुधा दोन पट्ट्या येऊन 'मादी' असा निकाल हातात पडेल आणि प्रकरण तिथेच बुडेल. त्याऐवजी प्रत्येक बाजूच्या छातीची तीन-चार पिसं मुळासकट, वेगळ्या चिमट्याने उपटून वेगळ्या कागदी पाकिटांत ठेवा, आणि पाकिटावर बाजू लिहा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि डीएनए खराब होतो.

गाण्याचं ध्वनिमुद्रण सकाळी, एकदा पक्षी एकटा असताना आणि एकदा शेजारच्या पिंजऱ्यात मादी ठेवून करा. 44.1 किलोहर्ट्‌झ, डब्ल्यूएव्ही स्वरूप, एमपी-3 नको. मादीपुढचं गाणं थोडं वेगवान आणि जास्त ठरीव असतं, त्यामुळे दोन्ही नमुने एकत्र मिसळले तर तुलना निरुपयोगी होते. बापाचं गाणंही शक्य असेल तर घ्या, कारण त्याच्याशी किती जुळतं यावरून पिल्लूवयातलं शिकणं पारखता येतं.

पक्षी मेला तर घरच्या फ्रीझरमध्ये ठेवू नका. सावकाश गोठताना बर्फाचे स्फटिक मेंदूच्या पेशी फाडतात आणि केंद्रांच्या सीमा कायमच्या जातात. त्याच दिवशी पशुवैद्यक महाविद्यालयात नेता येत असेल तर साध्या फ्रीजच्या थंडाव्यात ठेवून न्या. तिथे मेंदू काढून कोरड्या बर्फावर झटकन गोठवला तर काप एकाआड एक वाटता येतात, एक आकारमानासाठी रंगवायला, पुढचा आरएनएसाठी, आणि दोन्ही माहिती एकाच मेंदूतून मिळते. कोरडा बर्फ नसेल तर कवटीचं छत उघडून मेंदू 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये बुडवा. मग आरएनए हुकतो, पण आकारमान तरी वाचतं.

पोट उघडणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की दोन्ही बाजूंच्या जननग्रंथी, म्हणजे अंडाशय किंवा अंडकोश, शोधायच्या आहेत. पक्ष्यांच्या सामान्य मादीत बहुधा डावाच अंडाशय वाढतो. त्यामुळे शवविच्छेदन करणारे डावीकडे अंडाशय दिसला की उजवीकडे पाहतही नाहीत, आणि मूत्रपिंडाजवळ चिकटलेला छोटासा अंडकोश आतड्यांसोबत टाकला जातो.